उजव्या हाताची मोजणी

संक्रांत चार दिवसांवर होती. ११ जानेवारी २०२४, गुरुवार, सकाळचे साडेसहा. थंडी होती म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून मी तीळ भाजत होते. हातातलं उलथनं पडलं. उचलायला वाकले तर बोटं त्याच्याभोवती मिटेनात. उलथनं दिसतंय, हात तिथे पोचलाय, पण बोटं पकडत नाहीत. ह्यांना हाक मारली, तर तोंडातून नुसतं 'अओ' असं काहीतरी बाहेर पडलं.

सासूबाई म्हणाल्या, थंडी बाधली, शेगडीवर हात शेक वो. मुलगा उठून आला आणि म्हणाला, "आई, दोन्ही हात समोर धर." डावा राहिला, उजवा हळूहळू खाली गेला. त्याने कुणाचंच ऐकलं नाही, सरळ गाडी काढली. पाऊण तासाच्या आत मी सीटी स्कॅनच्या टेबलावर होते. मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव झाला होता. बीपी २१० आणि १२०. बीपीची गोळी मी तीन आठवडे बंद ठेवली होती, कारण बरं वाटत होतं. ही माझी चूक आणि ती मी सगळ्यांना सांगते.

तेव्हा न कळलेली एक गोष्ट आधी लिहून ठेवते. रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. माझ्यासारखा रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक ठरतं. कोणता प्रकार आहे ते सीटी केल्याशिवाय कळत नाही. म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे, शेकायला, मालिश करायला वेळ घालवू नका. चोवीस तास सीटीची सोय असेल अशा रुग्णालयातच जा.

ऑपरेशन लागलं नाही. चार दिवस आयसीयू, पाच दिवस वॉर्ड. उजवा पाय तिसऱ्या दिवशी थोडा उचलला गेला, हात मात्र दुसऱ्याच कुणाचा असावा तसा पडून होता. सहाव्या दिवशी मला मोठी जांभई आली आणि उजवा हात कोपरातून वाकून आपोआप छातीपर्यंत वर आला. सासूबाई ओरडल्याच, "हालला ना वो बाई, हात हालला!" त्यांनी तिथेच देवाला नारळ बोलला. मी लगेच हात पुन्हा उचलायचा प्रयत्न केला. काहीच नाही. डॉक्टरांनी समजावलं की जांभईच्या वेळी हाताला हुकूम मेंदूच्या दुसऱ्याच, जुन्या वाटेने जातो. आपल्या इच्छेची वाट अजून बंद आहे. त्या रात्री मी खूप रडले. रडू कारण नसतानाही यायचं, जाहिरात बघूनही यायचं. तोही आजाराचाच भाग असतो आणि त्यावर औषध असतं, हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला असं होत असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

वॉर्डात एक वाईट गोष्ट घडली. पलंगावरून खुर्चीत बसवताना मदतनिसाने मला उजव्या दंडाला धरून ओढलं. स्नायू सैल पडलेले असताना खांदा त्या ताणाने खाली सरकतो. पुढचे अडीच महिने मी त्या खांद्याच्या दुखण्याने रात्री जागून काढले. माणूस लकव्याचा असेल तर दंडाला धरून ओढायचं नाही, पाठीमागून आणि कमरेला आधार द्यायचा. पलंगाच्या डोक्याशी हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा.

२० जानेवारीला घरी आले. बिल २ लाख १८ हजार, त्यातले १ लाख ६३ हजार विम्याने दिले.

मी पतसंस्थेत १९ वर्षं कॅशियर आहे. नोटांचं बंडल डाव्या हातात धरायचं, उजव्या अंगठ्याने नोट सरकवायची, मधल्या बोटाने ती मागे घ्यायची. हे मी बोलता बोलता करत असे. आता तो अंगठा तळव्यावर दुमडून, चार बोटांच्या आत पडलेला असायचा. फेब्रुवारीपासून हातात ताठरपणा आला आणि मूठ आणखी घट्ट झाली. नखं कापायची तर नवरा माझी बोटं एकेक करून उघडायचा. तळव्यात घामाने कुबट वास यायचा. असं कुणाच्या बाबतीत होत असेल तर रोज कोमट पाण्यात हात धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून मऊ कापडाची गुंडाळी तळव्यात ठेवा. नाहीतर कातडी सोलवटते.

घरी फिजिओ यायचे, ५०० रुपये एका भेटीचे, आठवड्यातून पाच दिवस. चालायला मी त्यांच्यामुळेच लागले, १० मार्चला काठीशिवाय गच्चीवर गेले. हाताचं मात्र पुढे सरकेना. एकदा मुलगा शेजारी वही घेऊन बसला आणि पाऊण तासात मी स्वतः हात हलवायचा प्रयत्न किती वेळा करते ते त्याने मोजलं. २६ वेळा. बाकी वेळ फिजिओ माझा हात हलवत होते आणि मी टीव्हीवरच्या बातम्या बघत होते. मग त्याने मला २००९ सालचा अमेरिकेतला एक अभ्यास वाचून दाखवला. त्यात संशोधकांनी पक्षाघाताच्या रुग्णांच्या उपचारांना बसून अशीच मोजणी केली होती. हाताच्या उपयोगी हालचाली एका सत्रात सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत नव्या जोडण्या दिसतात त्या मात्र रोज शेकडो वेळा तीच हालचाल केल्यावर. इथे आमचं डोकं ठिकाणावर आलं. प्रश्न कोणता उपचार हा नव्हता, माझा हात दिवसाला किती वेळा स्वतः धडपडतो हा होता.

तरी आम्ही एक चूक केलीच. मुलाने ऑनलाइन एक हवेचा हातमोजा मागवला, साडेचार हजारांचा. पंपाने हवा भरली की बोटं उघडतात, काढली की मिटतात. अर्धा तास लावून मी झोपून जायचे. ताठरपणा तासभर कमी वाटायचा, पण बोटं काही स्वतःहून उघडायला शिकली नाहीत.

ओळखीच्या बाईंनी नागपुरात धंतोलीतल्या एका केंद्राचं नाव सुचवलं. तिथे हातासाठी रोबोटिक यंत्र आहे म्हणाल्या. १५ एप्रिलला दाखवायला गेलो. तपासणीचे ६०० रुपये. ज्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या मॅडमनी तपासलं त्या आपल्या सरकारी मेडिकल कॉलेजमधल्याच ऑक्युपेशनल थेरपीच्या शाखेत शिकलेल्या. त्यांनी ६६ गुणांची एक तपासणी घेतली, फ्यूगल-मायर तिचं नाव. कोपर वाकतं का, मनगट वर येतं का, मूठ सुटते का, प्रत्येक हालचालीला शून्य, एक किंवा दोन गुण. मला २७ मिळाले. आकडा ऐकून वाईट वाटलं, पण पहिल्यांदाच कुणीतरी हाताचा हिशेब मांडून दिला होता. "हात कसा आहे?" या प्रश्नाला "थोडा बरा" याखेरीज उत्तर आम्हाला माहीतच नव्हतं. तुम्ही कुठेही उपचार घ्या, पहिल्या दिवशी अशी गुणांची तपासणी करून कागदावर मागा आणि महिन्याने पुन्हा करायला लावा.

रिसेप्शनवर ६० सत्रांचं पॅकेज सांगितलं, ६० हजार. २० सत्रांचे २२ हजार. नवरा साठ घ्यायला तयार होता, गावाकडच्या जमिनीचं बोलायला लागला. मॅडमनी आत बोलावून स्वतःच सांगितलं, आधी वीस घ्या, दहानंतर पुन्हा बघू. मुलाने त्यांना सरळ विचारलं की रोबोटने खरंच फरक पडतो का, कारण त्याने ब्रिटनमधल्या रॅट्युल्स चाचणीबद्दल वाचलं होतं. २०१९ साली ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. ७७० रुग्ण, आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे. रोबोटवर सराव केलेल्यांचा हात रोजच्या वापरात नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त सुधारला नाही. मला वाटलं मॅडम चिडतील. त्या म्हणाल्या, बरोबर वाचलंस. अमेरिकेतली २०१० सालची एक चाचणीही त्यांनी सांगितली, पक्षाघात होऊन बराच काळ झालेल्या १२७ रुग्णांची. तिच्यात रोबोटइतकाच जोरदार सराव थेरपिस्टने हाताने करून घेतला तेव्हा दोन्हींत फरक राहिला नाही.

"मग आईने यावर पैसे का घालायचे?" मुलाने विचारलं.

"कारण चारशे वेळा हात धरून करून घेणारा माणूस मी तुम्हाला नागपुरात कुठून आणून देऊ? माझ्याकडे दिवसाला चौदा पेशंट आहेत. यंत्र दमत नाही. पण यंत्रावरून उठल्यावर लगेच ताईंनी खरं काम केलं नाही, तर यंत्रावरचं यंत्रावरच राहतं."

हे बोलणं ऐकलं म्हणून मी तिथे गेले. मशीन दाखवून "शंभर टक्के रिकव्हरी" म्हणणारे दुसरीकडे भेटले होते.

२२ एप्रिल ते २४ मे, आठवड्यातून चार दिवस. सकाळी साडेआठची वेळ मागून घेतली, कारण अकरानंतर बाहेर पडणं मेंदूतला रक्तस्राव झालेल्या बाईने नागपूरच्या उन्हात करू नये. सुभाष नगरला मेट्रोत बसायचं, सीताबर्डीला बदलायचं, काँग्रेस नगरला उतरून ऑटो. लिफ्ट सगळीकडे आहे. सुरुवातीला नवरा सोबत यायचा.

यंत्र म्हणजे माणसासारखं काही नसतं. टेबल, त्यावर पन्हाळीसारखा आधार, त्यात कोपरापुढचा हात ठेवून दोन पट्टे बांधायचे. मूठ एका दांड्याला. दांडा टेबलावर चारी दिशांना सरकतो. समोरच्या पडद्यावर मधोमध पिवळा ठिपका, तो म्हणजे माझा हात, आणि घड्याळाच्या आकड्यांसारखी भोवती आठ वर्तुळं. एक वर्तुळ उजळतं, ठिपका तिकडे न्यायचा, परत मध्ये आणायचा. हा प्रकार अमेरिकेत एमआयटी विद्यापीठात नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी १९८९ पासून विकसित केला. नंतरच्या कितीतरी यंत्रांनी हीच पद्धत उचलली.

पहिल्या दिवशी ठिपका भराभर फिरला, मला फार आनंद झाला. मॅडम म्हणाल्या, "ताई, डोळे मिटा. आता सांगा, ढकलतंय कोण?" डोळे मिटल्यावर कळलं की मी काहीच करत नव्हते. त्यांनी एक सेटिंग बदललं. आता वर्तुळ उजळलं की यंत्र दोन सेकंद नुसतं थांबायचं. माझ्या हाताने जरा जरी सुरुवात केली तरच ते पुढची मदत करायचं, आणि मी जितकं जास्त करीन तितकी त्याची मदत कमी. आयती मदत मिळते म्हटल्यावर मेंदू आपला वाटा आखडता घेतो, हे संशोधकांनी मोजून दाखवलेलं आहे. तुमच्या केंद्रात जाऊन पहिला प्रश्न हाच विचारा: यंत्र माझी वाट बघतं, की मला नुसतं फिरवतं?

ते दोन सेकंद मला अजून आठवतात. वर्तुळ उजळलेलं, हात थंड, खांदा वर चढतोय, दात आवळलेत, आणि दांडा जागचा हलत नाही. मॅडम सारख्या सांगायच्या, खांदा खाली, श्वास सोडा. सातव्या दिवशी, ३ मे रोजी, त्यांनी मोटार पूर्ण बंद केली. दोनच्या आकड्याकडचं वर्तुळ उजळलं. दांडा सरकला. चार बोटं रुंदीएवढा असेल. पुन्हा सरकला. मी मॅडमकडे बघितलं तर त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले की मी काहीही दाबलेलं नाही.

त्या दिवशी घरी येताना मेट्रोत मी उजवा हात मांडीवर ठेवून सारखी त्याच्याकडेच बघत होते.

एका सत्रात ३८० ते ४२० हालचाली व्हायच्या, यंत्र शेवटी आकडा दाखवायचं. तो वहीत लिहायचा. मग अर्धा तास टेबलावर खरी कामं: ग्लास उचलणे, कपड्यांचे चिमटे दोरीला लावणे, हरभरे एका वाटीतून दुसरीत. घरी गेल्यावर थकवा असा यायचा की दोन तास मेल्यासारखी झोपायचे. तो आळस नाही. घरच्यांनी त्या वेळात जेवायला उठवू नये.

मे महिन्याच्या मध्याला बोटं थोडी उघडायला लागली तेव्हा मॅडमनी डाव्या हातावर जाड सुती हातमोजा चढवायला सांगितला, रोज दोन तास. चांगल्या हाताला बांधून ठेवायचं म्हणजे वाईट हाताला काम करावंच लागतं. एडवर्ड टॉब या मानसशास्त्रज्ञांनी माकडांवर बघितलं होतं की प्रयत्न फसत गेले की प्राणी तो अवयव न वापरायला शिकतो, पुढे ताकद परत आली तरी वापरत नाही. मी तेच करत होते. चहाचा कप, दाराची कडी, मोबाईल, सगळं डाव्याने. हातमोज्याच्या त्या दोन तासांत माझी खूप चिडचिड झाली. मी सासूबाईंवर ओरडले, कारण त्या लाडाने मला भरवायला येत होत्या. नंतर त्याच माझ्यासमोर शेंगा सोलायला बसायच्या आणि माझ्या वाटणीचा ढीग मुद्दाम मोठा ठेवायच्या.

२७ मेला पुन्हा तपासणी. ३४ गुण. सात वाढले. नवतपा सुरू झालेला, बाहेर रस्ते ओस, आणि आम्ही तिघं ऑटोत बसून संत्र्याची बर्फी खात घरी आलो. पुढची सत्रं घ्यायची का, यावर मॅडमचं मत होतं की आता यंत्रापेक्षा घरची कामं जास्त देतील. आम्ही थांबलो. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाने आयआयटी मद्रासबरोबर प्लूटो नावाचं हातासाठीचं लहान यंत्र तयार केलं आहे. अशी आटोपशीर यंत्रं आपल्याकडच्या तालुक्याच्या दवाखान्यांत पोचली तर किती जणांची जमीन वाचेल, असं मला मनापासून वाटतं.

आता कागदपत्रं. यात मला सगळ्यात जास्त असहाय वाटलं. माझी सही गेली होती. बँकेत स्वतःच्याच खात्यातून पैसे काढता येईनात. एवढी वर्षं काउंटरच्या आत बसल्यामुळे नियम माहीत होता: आजारी खातेदाराचा अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. तसा अर्ज दिला. घरात कुणालाही असं झालं तर पहिल्या पंधरवड्यातच हे करा, कारण औषधांचा खर्च थांबत नाही.

विम्याच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांचा खर्च मिळतो असं लिहिलेलं होतं. फिजिओच्या बिलांवर नोंदणी क्रमांक आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीत 'रोज फिजिओथेरपी, दोन महिने' असं स्पष्ट लागतं. आमच्या पहिल्या चिठ्ठीत नुसतं 'फिजिओ' होतं, म्हणून १९ हजारांतले ११ हजार मिळाले. रोबोटिक सत्रं साठ दिवसांनंतरची, ती पूर्ण खिशातून.

दिव्यांग प्रमाणपत्राला मार्चमध्ये गेलो तर सहा महिने होऊ द्या म्हणाले. जुलैत सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला, ८ ऑगस्टची तारीख मिळाली. डिस्चार्ज कार्ड, सीटीचा रिपोर्ट आणि फिल्म, आधार, फोटो, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. सकाळी नऊला जाऊन दीडला नंबर लागला. पाणी आणि डबा सोबत न्या. ४६ टक्के आलं. सवलतींसाठी किमान ४० लागतात. २०२४ मध्ये आयकर कायद्याच्या कलम ८० यू खाली ७५ हजारांची वजावट मिळत होती, मात्र जुन्या करप्रणालीतच. कार्ड ऑक्टोबरमध्ये पोस्टाने आलं. 'दिव्यांग' हा शब्द स्वतःच्या फोटोशेजारी बघून मी ते तीन दिवस कपाटात ठेवलं होतं. मग पर्समध्ये ठेवलं.

दिवाळीनंतर, ११ नोव्हेंबर २०२४ ला, फिटनेस सर्टिफिकेट घेऊन मी कामावर रुजू झाले. त्या आठवड्यात तपासणीत ४१ गुण होते. मला कॅशवर न बसवता पासबुक नोंदीच्या टेबलावर बसवलं, ते बरोबरच होतं. दहा महिन्यांपैकी साडेपाच महिने बिनपगारी गेले.

संध्याकाळी काउंटर बंद झाल्यावर कॅशमधल्या मुलीकडे मी दहाच्या नोटांचं एक बंडल मागितलं. डाव्या हातात धरलं. उजवा अंगठा ओला केला, नोटेवर ठेवला, सरकवला. दोन नोटा एकदम आल्या. परत केलं. तिसऱ्या प्रयत्नाला एकच आली आणि मधल्या बोटाने ती मागे घेतली. शेजारची दोघं आपापलं आवरता आवरता थांबली होती, बोलत कुणी नव्हतं. सात मिनिटं लागली. माझी मोजणी ९९ झाली. मुलीने बंडल मशीनमध्ये घातलं, तर १०० आले.

मी बंडल परत मागून घेतलं आणि पहिल्या नोटेपासून पुन्हा मोजायला लागले.